कुंपणाला आग लागण्याची कारणे

पळसटोला, गुरुवार, २८ मार्च १९५७

पोचलो एकदाचा! वडशाला आगगाडी सोडली, आरमोरीपर्यंत मोटार, आणि पुढे सात कोस बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली, पण जीव खूष आहे. वर्ध्याच्या कचेरीत चार जणांत एक टेबल होतं. इथे सरकारी बांबू डेपोचा कारकून म्हणून आख्खं घर मिळालं आहे. दोन खोल्या, पडवी, कौलं शाबूत. आणि बाग! आधीचा कारकून फेब्रुवारीत बदलून गेला, पण वांगी आणि वालाचे वेल अजून तग धरून आहेत. भोवती पुरुषभर उंच बांबूच्या ताट्यांचं कुंपण, बुडाशी बोरीच्या काट्या खोचलेल्या. गाव इथून हाकेच्या पलीकडे, म्हणजे कटकट नाही.

एक फजिती झाली. शेवटच्या ओढ्यात चाक रुतलं आणि माझी ट्रंक पाण्यात बसली. कपडे वाळले, काड्यापेट्यांचा मात्र लगदा झाला. गाडीवान बैलांना पाणी पाजत थांबला, मी पायीच पुढे निघालो. गावाच्या शिवेवर एका पळसाखाली राखेचा हा एवढा ढीग दिसला. शेजारी फुटकी मडकी, नारळाची करवंटी. वरून सगळं थंड, पण काठीनं उकरलं तर आत लालभडक निखारे. म्हटलं, देव देतो ते असं. खापरात चार निखारे उचलले आणि नव्या घरातली पहिली चूल त्यांवर पेटवली. पिठलं करपलं, तरी दोन भाकरी जास्त गेल्या.

मेच्या मध्यावर रंभा आणि आमची अन्नपूर्णा येतील. आठ महिन्यांचं पोर, नावच तिच्यापेक्षा मोठं. तिला अजून देवीची लस टोचलेली नाही, ती आरमोरीच्या दवाखान्यात टोचून घेऊ असं ठरलं आहे.

रविवार, ३१ मार्च

डेपोत बांबूचे ढीग आहेत आणि मी आहे. तोडीचा हंगाम संपल्यामुळे मजूर गेले. चौकीदार लटारू सकाळी येतो, ढीग मोजतो, दहाच्या आत गावात परत जातो. बुधरी नावाची गोंड म्हातारी दोन गुंड, म्हणजे हंडे, पाणी आणून ठेवते. ती बोलत नाही, आणि मला गोंडी येत नाही. त्यामुळे आमचं छान जमतं.

चूल मी विझू दिलेली नाही. रात्री टेंभुर्णीचं जाड लाकूड राखेत पुरून ठेवतो, सकाळी फुंकर घातली की पेट घेतं. आई असंच करायची. खरं सांगायचं तर काड्यापेटी मागवणं अवघड नाही, पण या घरात माझ्याशिवाय जिवंत असं तेवढंच आहे, आणि ते मरू नये असं वाटतं. कारकुनाला असले विचार शोभत नाहीत. एकटा जीव सदाशिव, दुसरं काय!

गुरुवार, ४ एप्रिल

आज माणूस बोललं माझ्याशी!

भर दुपारची वेळ. ऊन असं की पाखरूसुद्धा हलेना. जेवून पडलो होतो तर कुंपणापलीकडून बाईचा आवाज आला: “भाऊ, जराकसा इस्तो द्या ना जी.” विस्तवाला इकडे इस्तो म्हणतात. वालाच्या वेलामुळे चेहरा दिसला नाही. दोन ताट्यांमधल्या फटीतून खापर धरलेला हात तेवढा आत आला. मी म्हटलं, आत या, सावलीत बसा. ती काही आली नाही. मी निखारा घातला, हात मागे गेला. त्या हाताला माझं बोट लागलं तर तो माठासारखा गार. नदीवरून आली असणार.

शेजार जुळायला लागला म्हणायचा. रंभाला पत्रात कळवतो.

रविवार, ७ एप्रिल

दुपारी कुंपण पेटलं. त्याच फटीजवळ, हातभर रुंद जागा. माठातलं पाणी ओतून विझवलं, वांग्याची तीन रोपं गेली. निखारा नेताना बाईनं सांडला असेल. बांबू वाळून कोळ झाला आहे, त्याला निमित्तच हवं.

ती आजही आली होती. तिच्यामागून एक म्हातारा आला, त्याचा खोकला ऐकू आला. त्यालाही विस्तव हवा होता. नाही कसं म्हणायचं?

गुरुवार, ११ एप्रिल

पाच दिवसांत चार आगी. डेपोत हजारो बांबू असताना ही चेष्टा नव्हे. रेंजरसाहेबांना कळवावंच लागलं. त्यांनी निरोप धाडला की कारणांची यादी करून पाठवा, आणि आगी थांबेपर्यंत कुटुंब आणू नका, नाहीतर क्वार्टर सुरक्षित नाही असं ते वर लिहून देतील. घ्या! म्हणजे कारण सापडलं नाही तर रंभा येत नाही. रात्री बसून यादी केली.

एक, मोहाचं फूल वेचण्यासाठी गावकरी झाडाखालचा पाला जाळतात, त्याच्या ठिणग्या. दोन, विडीची थोटकं. तीन, आधीच्या कारकुनानं वाफ्यांच्या कडेला उलट्या पुरलेल्या काचेच्या बाटल्या, ज्यांतून ऊन एका बिंदूवर येतं. चार, बुधरीनं कुंपणाशी टाकलेली गरम राख. पाच, लू सुटली की बांबूवर बांबू घासतो. सहा, पालापाचोळ्याच्या खताचा ढीग आतून तापतो. सात, शेजाऱ्यांच्या हातून सांडलेला निखारा.

सात कारणं! वाचून मलाच माझं कौतुक वाटलं. कारण हाती लागलं की उपाय काय दूर आहे!

मंगळवार, १६ एप्रिल

बाटल्या उपटून विहिरीमागे पुरल्या. राख मी स्वतः भिजवतो. खताचा ढीग पसरला. जवळपास मोहाचं झाड नाही. लटारू विडी ओढत नाही, तंबाखू खातो. वारा पडलेला असतानाही काल आग लागली. निखारा नेणाऱ्यांना मी बजावलं की कुंपणापासून दूर घेऊन जा, त्यांनी हो म्हटलं. तरी आज दोन ठिकाणी. पालथ्या घड्यावर पाणी.

आता सात-आठ जण येतात, रोज दुपारी, एकामागून एक. त्यात एक लहान पोरही आहे, त्याचा हात फटीत खालच्या बाजूनं येतो. कुणी आत येत नाही. मी पलीकडून गप्पा मारतो. ते हं, हं करतात. खोटं कशाला लिहू, बारा वाजायची मी वाट बघतो.

आणि आज एक गाढवपणा केला. रंभाला पत्र टाकलं की मेच्या मध्यापर्यंत थांबू नकोस, लगेच ये. आगीचं अक्षर लिहिलं नाही. रेंजरसाहेब काय म्हणायचं ते म्हणोत. मला करमत नाही.

मंगळवार, २३ एप्रिल

आज मी कुंपणाच्या बाहेरून फिरलो. इतके दिवस का सुचलं नाही? मी आतून विझवायचो आणि आतच बसायचो.

बाहेर चुली आहेत. तीन-तीन दगडांच्या, स्वयंपाकाच्या मापाच्या, थेट ताट्यांना चिकटून. प्रत्येकीत राखेखाली जतन केलेला विस्तव. जिथे जिथे आग लागली तिथे एक, आणि आग न लागलेल्या ठिकाणीही. मोजल्या. अकरा. भांडं नाही, उष्टं-खरकटं नाही, कुणी बसल्याची खूण नाही. फाटकाची बाजू सोडून घराच्या तिन्ही बाजूंना ओळीनं, जशी वस्ती बसते तशा.

म्हणजे कारण सापडलं. आनंद व्हायला हवा होता.

बुधवार, २४ एप्रिल

लटारूला नेऊन चुली दाखवल्या. तो लांबच थांबला. दुपारी विस्तव न्यायला येतात ते गावातले कोण, असं विचारलं तर म्हणाला, “इथी इस्तो मांगनारा आंगनात येते जी. कुपाच्या भायेर उभा राहून कोनी मांगत नाई.” मग विचारलं, “बाबू, पयला इस्तो तुमी कोनाच्या घरून आनला?”

मी शिवेवरच्या ढिगाचं सांगितलं. तो दोन पावलं मागे सरकला.

त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. माघात गावात देवीची साथ आली. पंधरा दिवसांत अकरा माणसं गेली. टोचणीवाला पोचेपर्यंत उशीर झाला होता. साथ उतरल्यावर गावच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या चुली विझवल्या, दुखणं पाहिलेला तो जुना विस्तव राखेसकट शिवेवर नेऊन टाकला, बांबूवर बांबू घासून नवी आग काढली आणि ती घरोघर नेली. जुन्या विस्तवाला घर राहू द्यायचं नसतं. तो बेघर होऊन मेला की त्याच्याभोवतीची मेलेली माणसंही निघून जातात. मी पोचलो त्याच्या आदल्याच दिवशी हे झालं होतं.

आणि मी त्याला घर दिलं. मग माझ्याच हातानं अकरा चुली.

मी हसण्याचा प्रयत्न केला. लटारू हसला नाही. गावात जाताना त्यानं चपला हातात घेतल्या, धूळ झटकून पुन्हा घातल्या.

शुक्रवार, २६ एप्रिल

काल चुलीवर दोन घागरी पाणी ओतलं. फस्स करून सगळं संपलं. महिनाभर जपलेला जीव, वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाज वाटली.

आज गावाचा पुजारी इसरू कुंपणापासून पन्नास पावलांवर येऊन उभा राहिला. त्याच्याकडे नवा विस्तव मागितला तर त्यानं मान हलवली. बाहेरच्या चुली पेटत्या आहेत तोवर देता येत नाही म्हणाला. त्या विझव म्हटलं तर त्याचं उत्तर असं: “हातानं देल्ला इस्तो वापस मांगता नाई येत, बाबू. पाऊस येऊ द्या. तवर कोनाले घरात घेऊ नका. नवं मानूस तर बिलकूलच नाई.”

बुधरी पाण्याचे गुंड आता वाटेवरच ठेवून जाते. गावात सगळे मला नावानं ओळखतात, आणि माझ्या दिशेला कुणी बघत नाही. कच्चं पीठ कालवून खाल्लं.

सोमवार, २९ एप्रिल

रंभाचं पत्र आलं. “तुम्हाला इतकं एकटं वाटतंय हे वाचून राहवेना. शनिवारी, चार तारखेला पोचतो. अन्नीला दात आला.”

चार तारीख. लस नाही टोचलेली. आरमोरीत टोचू असं मीच म्हणालो होतो.

पत्र हातात घेऊन फाटकापर्यंत गेलो. फाटकाबाहेर आज दोन चुली नव्या आहेत. एक नेहमीच्या मापाची, शेजारी एक अगदी लहान. दगड मुठीएवढे, भातुकलीला मांडतात तसे. दोन्ही रिकाम्या. विस्तव नाही.

दगड उचलून ओढ्यात फेकले. परत आलो तर होते तिथेच.

मंगळवार, ३० एप्रिल

लटारूला भल्या पहाटे आरमोरीला पाठवलं. रंभाला तिथेच गाठ, परत पाठव, वर्ध्याची गाडी निघेपर्यंत जवळून हलू नकोस. तो गेला. चांगला माणूस. माझ्या हातून चिठ्ठी घेतली नाही, जमिनीवर ठेवायला सांगून मग उचलली.

कंबर दुखते. डोकं जड.

दुपारी ते आले. आज कुणी विस्तव मागितला नाही. नुसतेच उभे. पोर मात्र म्हणालं की तुमचं बाळ कवा येते. मी कधी सांगितलं होतं त्याला? सांगितलं असेन. इतके दिवस मीच बोलत होतो ना—

गुरुवार, २ मे

ताप. बाहेर एवढं ऊन असून दोन घोंगड्यांत थंडी जात नाही. विस्तव का मागतात ते कळलं. हाडांत गारठा बसतो. उन्हानं जात नाही तो.

मला लहानपणी टोचलं होतं. दंडावर वण आहे. बघितला. आहे.

शुक्रवार, ३ मे

तोंडात आणि कपाळावर पुरळ.

घाम असेल. घामोळं— नाही. गुणवंतराव कारकून, स्वतःच्या वहीत लिहिताना तरी खरं लिहा. देवी आहेत.

रंभा आली नाही म्हणजे झालं. लटारूनं गाठलं असेल. गाठलंच असेल—

शनिवार, ४ मे, दिवेलागण

लिहितो. लिहायला हवं.

दुपारी घुंगरं वाजली. लटारूशी चुकामूक झाली. वडशाहून गाडी करून ती आडवाटेनं आली. फाटकाबाहेर गाडी थांबली. रंभा उतरली, अन्नी कडेवर. हिरवं लुगडं. पोर जाड झालं आहे. हसलं. दात दिसला.

मी पडवीतून ओरडलो, येऊ नकोस, मला देवी आल्यात, मागे फिर. ती म्हणाली मग तर यायलाच हवं, तुमचं करणार कोण. पोरीला गाडीवानाकडे देते म्हणाली. दिली नाही. ऐकेल ती रंभा कसली! चालत आली. फाटकाच्या दोरीला हात घातला.

ते अकरा जण दोन्ही बाजूंनी उभे. तिला दिसले नाहीत. वाट करून देत होते, पाहुण्याला देतात तशी.

माझी चूल विझलेली. काडी नाही. मी कुंपणाशी धावलो आणि मागितला. फटीतून हात बाहेर काढून मी मागितला, जराकसा इस्तो द्या ना जी. त्या पहिल्या बाईनं दिला. उघड्या तळहातावर.

फाटकाच्या बुडाशी काट्यांत टाकला. एका दमात भडकलं. रंभा मागे पडली, पोरगी किंचाळली. वारा होता, दोन्हीकडे ताट्या धडाधड पेटत गेल्या. जाळापलीकडे ती मला काय काय म्हणाली. वेड लागलंय म्हणाली. रडत होती. मीही. गाडीवानानं दोघींना ओढून गाडीत घातलं आणि बैल उधळले तिकडे पिटाळले.

गेल्या. घुंगरं ऐकू येईनाशी होईपर्यंत मी उभा होतो.

रेंजरसाहेबांच्या यादीत घालायचं राहिलं. आठ: कारकुनानं स्वतः लावली. पोरीसाठी.

रविवार, ५ मे

कुंपण नाही आता. चारही बाजू मोकळ्या. डेपो वाचला, कसा कोण जाणे.

ते आत आले. आता अडवायला काय आहे. अंगणात बसतात, शेजारी बसतात तसे. भीती वाटली नाही. म्हातारा खोकतो. बाई म्हणाली, भाऊ, शेक घ्या. घेतला. बरं वाटलं—

मोजले. अकरा. मी बारावा. मोठी चूल, फाटकाजवळची, पेटली आहे. ती माझी. असू दे.

लहान चूल थंड. हात लावून बघितला. थंड.

सोमवार

डोळे चिकटतात. चाचपडत गेलो. लहान चुलीचे दगड थंड. पुन्हा गेलो. थंड. रंभा परतीच्या वाटेवर नागभीडला पोचली असेल. फाटकाच्या दोरीला तिनं हात लावला होता. पण दोरीच तर— मी रोज याच हातांनी त्याच दोरीनं फाटक बांधायचो—

नाही. थंड आहेत. थंडच आहेत दगड.

वार कळत नाही

पोर विचारतं, बाळ कवा येते. मी सांगतो, येत नाही. येत नाही ते.

पुन्हा जाऊन येतो.

दगड कोमट लागले.

कारणं. एक, ऊन. दोन, माझाच हात तापलेला. तीन, जळक्या कुंपणाची धग अजून जमिनीत. तीन कारणं आहेत. तीन पुरे. कुणीतरी फुंकर घालतंय तिथे, लहान तोंडानं, नुकता दात आलेल्या— नाही, वारा आहे, चार, वारा—